कंसातले नाव : ब्लूज, सोल आणि रॉक अँड रोलच्या हिशेबवहीचा इतिहास

१/
एल्विस प्रेस्लीने कृष्णवर्णीयांचे संगीत चोरले, हे वाक्य आपण सर्वांनी केव्हा ना केव्हा वाचलेले आहे. दर काही महिन्यांनी त्यावर वाद पेटतो. एक बाजू त्याला चोर ठरवते, दुसरी थोर कलावंत ठरवते आणि दोन्ही बाजू दमल्या की विषय संपतो. माझे मत असे की, हा वाद चुकीच्या जागी मांडलेला आहे. लूट झाली, यात शंका नाही. परंतु ती गायकाच्या गळ्यात शोधून सापडत नाही. ती करारपत्रात, स्वामित्वहक्काच्या नोंदीत आणि रॉयल्टीच्या हिशेबात सापडते. आजचा थ्रेड त्या कागदांविषयी आहे.

२/
आधी साधन समजून घेऊ. जुनी तबकडी हाती घेतली की मध्यभागी एक गोल कागद दिसतो. त्यावर कंपनीचे नाव, गाण्याचे नाव आणि गायकाचे नाव ठळक छापलेले असते. गाण्याच्या नावाखाली, बारीक अक्षरांत, कंसात आणखी एक-दोन नावे असतात. ती गाणे रचणाऱ्यांची. बहुतेक श्रोत्यांची नजर तिथे जात नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र सर्वप्रथम तिथेच पाहावे, कारण पुढची अनेक दशके पैसा कोणाच्या दारी जाणार, हे तो कंस ठरवत असतो.

३/
पैसा मुख्यतः तीन वाटांनी येत असे. पहिली वाट म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या दिवशी हातावर ठेवलेली ठोक रक्कम. दुसरी, विकल्या गेलेल्या प्रत्येक तबकडीमागे गायकाला करारानुसार मिळणारा वाटा. तिसरी, गाणे रचणाऱ्याला आणि त्या गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या प्रकाशन संस्थेला मिळणारा वाटा. ही तिसरी वाट सर्वांत लांब पल्ल्याची. गाणे उद्या दुसऱ्याच कोणी गायिले, तरी तिचा पैसा मूळ कंसातल्या नावाकडे आणि त्याच्या प्रकाशकाकडे येत राहतो.

४/
अमेरिकेतली आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिथले नेहमीचे रेडिओ केंद्र गाणे वाजवते, तेव्हा रचनाकाराला आणि प्रकाशकाला मोबदला देते. गायकाला देत नाही. आजही नाही. शिवाय ध्वनिमुद्रणाला स्वतंत्र कलाकृती मानून संघराज्याच्या कायद्याचे संरक्षण मिळाले ते थेट १५ फेब्रुवारी १९७२ पासून. म्हणजे ब्लूज, रिदम अँड ब्लूज, आरंभीचा रॉक अँड रोल आणि सोल यांचा बहुतांश सुवर्णकाळ अशा काळात घडला, जेव्हा त्या कायद्याच्या दृष्टीने कागदावरच्या रचनेला किंमत होती आणि गळ्याला जवळजवळ नव्हती.

५/
आता मिसिसिपीच्या डेल्टा प्रदेशात जाऊ. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली, पण जमीन जुन्या मालकांकडेच राहिली. कृष्णवर्णीय कुटुंबे त्यांच्या जमिनी वाट्याने कसू लागली. बियाणे, अवजारे, वर्षभराचे धान्य मालकाच्या दुकानातून उधारीवर यायचे. हंगाम संपला की कापूस मालकाकडे जायचा आणि हिशेबही मालकच करायचा. वहीत कुळाच्या नावावर बहुधा देणेच निघायचे. सावकाराची वही आपल्याला नवी नाही. तिच्यातले मुद्दल कधी फिटत नसते. ब्लूज या संगीताचा मोठा भाग याच वहीच्या छायेत वाढला, हे लक्षात ठेवा. पुढे तीच वही शहरात येणार आहे.

६/
१९४१ च्या उन्हाळ्यात स्टोव्हॉल नावाच्या अशाच एका मळ्यावर मडी वॉटर्स या तरुण शेतमजुराचे गाणे लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी मुद्रित झाले. अॅलन लोमॅक्सचे नाव त्यामुळे जगप्रसिद्ध आहे. मडीला दोन प्रती आणि २० डॉलर मिळाले. परंतु त्या पाहणीत फिस्क विद्यापीठाचे कृष्णवर्णीय संगीतज्ञ जॉन वर्क हेही बरोबरीचे सहभागी होते. त्यांचे लेखन अनेक दशके धूळ खात पडून राहिले आणि ग्रंथरूपाने आले ते २००५ मध्ये. नाव गाळण्याची रीत तबकड्यांच्या धंद्यापुरती नव्हती. ती संशोधनाच्या क्षेत्रातही होती. आपण याच क्षेत्रात शिकतो आहोत, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

७/
तबकड्यांच्या धंद्याला ही बाजारपेठ सापडली १९२० मध्ये. त्या वर्षी १० ऑगस्टला मेमी स्मिथने ओके कंपनीसाठी ‘क्रेझी ब्लूज’ मुद्रित केले. कृष्णवर्णीय गिऱ्हाईक तबकड्या विकत घेणार नाही, हा कंपन्यांचा समज त्या एका गाण्याच्या खपाने मोडला. पाठोपाठ ‘रेस रेकॉर्ड्स’ नावाचे स्वतंत्र दालनच उघडले गेले. गाणारे कृष्णवर्णीय, ऐकणारे कृष्णवर्णीय, वही मात्र बहुधा गोऱ्यांच्या हाती. हे ‘रेस’ नाव ‘बिलबोर्ड’ या धंद्याच्या साप्ताहिकाने आपल्या यादीवरून काढले जून १९४९ मध्ये आणि त्या जागी ‘रिदम अँड ब्लूज’ आले. पाटी बदलली, करार तेच राहिले.

८/
बेसी स्मिथने १९२३ पासून कोलंबिया कंपनीसाठी गायिले. तिच्या पहिल्याच तबकडीचा खप लाखोंच्या घरात गेला. तिला मिळाली ती दर गाण्यामागे ठोक रक्कम; खपावर रॉयल्टी नाही. त्या काळाच्या मानाने रक्कम चांगली होती, त्यामुळे तिला फसवणूक झाल्यासारखे वाटलेही नसेल. मात्र तिचा आवाज पुढे पुनःपुन्हा विकला गेला, तेव्हा करारानुसार तिच्या वाट्याला काही येणे नव्हते. २६ सप्टेंबर १९३७ रोजी मोटार अपघातानंतर क्लार्क्सडेल येथे तिचा मृत्यू झाला. पेनसिल्व्हेनियातील तिच्या दफनस्थळी १९७० पर्यंत नावाचा दगड नव्हता. तो बसवला गायिका जॅनिस जॉप्लिन आणि जुआनिटा ग्रीन या दोघींच्या खर्चाने. ३३ वर्षे जगाला तिचे गाणे माहीत होते, आणि थडग्यावर नाव नव्हते.

९/
इथे कोणी विचारील : ब्लूज तर मौखिक परंपरा होती. ओळी, चाली, सुरावटी सर्वांच्या सामायिक. मग अमुक गाणे अमुक एकाचे, असे म्हणायचे तरी कसे? प्रश्न रास्त आहे. अमेरिकेचा १९०९ चा स्वामित्वहक्क कायदा लिखित, छापील संगीत डोळ्यांपुढे ठेवून झालेला होता. सामायिक विहिरीवर ज्याने प्रथम कागद केला, त्याची विहीर झाली. कागद करण्याची सोय, वकील, कचेरीतली ओळख हे सारे कंपनीमालकाजवळ होते, गायकाजवळ नव्हते. परंपरा सामायिक होती हे खरे, म्हणूनच तिची नोंद कोणाच्या नावे झाली हा प्रश्न अधिक गंभीर ठरतो.

१०/
आता आर्थर क्रडप. मिसिसिपीचा हा गायक १९४६ मध्ये शिकागोत ‘दॅट्स ऑल राइट’ गायला. ५ जुलै १९५४ रोजी मेम्फिसच्या सन स्टुडिओत एल्विसने तेच गाणे गायिले आणि त्याची कारकीर्द सुरू झाली. आता एल्विसच्या तबकडीवरील कंस पाहा : तिथे क्रडपचेच नाव आहे. एल्विसने त्याचे ऋण लपवले नाही. १९५६ मध्ये वृत्तपत्राशी बोलताना त्याने क्रडपचा नाव घेऊन गौरव केला होता. म्हणजे ‘चोरले’ या शब्दाच्या रूढ अर्थाने इथे चोरी दिसत नाही. तरीही क्रडप उपाशी राहिला. कसा?

११/
कारण कंसात नाव असले, तरी त्या नावाचे हक्क आधीच दुसऱ्याच्या हाती गेले होते. क्रडपचा व्यवस्थापक लेस्टर मेलरोज याच्याकडून ते पुढे हिल अँड रेंज या प्रकाशन संस्थेकडे गेले. रॉयल्टी मिळत नाही हे कळल्यावर क्रडपने गाणे सोडून मजुरी धरली. १९७१ च्या सुमारास सुमारे ६०,००० डॉलरची तडजोड ठरली. क्रडप मुलांसह न्यूयॉर्कच्या कचेरीत सही करायला गेला. आणि अखेरच्या क्षणी संस्थेने माघार घेतली. तो रित्या हाताने परतला. १९७४ मध्ये त्याचा मृत्यू झाला. मोठी रक्कम त्याच्या वारसांना मिळाली ती त्यानंतर. एल्विसला शिव्या देऊन आपण मोकळे होतो, आणि ज्या कचेरीत ही सही झाली नाही ती कचेरी आपल्या कथेत येतच नाही.

१२/
‘हाउंड डॉग’ची कथा याहून गुंतागुंतीची आहे. १९५२ च्या ऑगस्टमध्ये विली मे ‘बिग मामा’ थॉर्नटनने ते लॉस एंजेलिसमध्ये गायिले; १९५३ मध्ये ते रिदम अँड ब्लूजच्या यादीत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. तिच्या सांगण्यानुसार तिला त्यापोटी एकूण ५०० डॉलर मिळाले. गाणे रचले होते जेरी लायबर आणि माइक स्टोलर या एकोणीस वर्षांच्या दोन गोऱ्या ज्यू तरुणांनी, खास तिच्यासाठी. आणि एल्विसने १९५६ मध्ये जे रूप गायिले, ते लास व्हेगासमध्ये ऐकलेल्या फ्रेडी बेलच्या विनोदी धाटणीच्या आवृत्तीवर बेतलेले होते. ‘गोऱ्याने कृष्णवर्णीय स्त्रीचे गाणे चोरले’ या एका ओळीत हे सारे मावत नाही.

१३/
शिवाय थॉर्नटनची कंपनी होती ह्यूस्टनची पीकॉक, आणि तिचा मालक डॉन रोबी हा स्वतः कृष्णवर्णीय. त्याच्या कंपनीच्या असंख्य गाण्यांवर कंसात ‘डेड्रिक मालोन’ असे नाव आढळते. हा डेड्रिक मालोन म्हणजे रोबीच. गरजू रचनाकारांकडून गाणी विकत घ्यायची आणि कंसात आपले टोपणनाव छापायचे, ही त्याची पद्धत. मालकाच्या कातडीचा रंग बदलला म्हणून वहीचा धर्म बदलला नाही. माझ्या मुद्द्याला याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

१४/
चक बेरीचे उदाहरण तर कोणत्याही अभिलेखागारात शोभावे असे आहे. २१ मे १९५५ रोजी शिकागोच्या चेस कंपनीसाठी त्याने ‘मेबेलीन’ मुद्रित केले. गाणे त्याचे. तबकडी बाजारात आली तेव्हा रचनाकारांत आणखी दोन नावे होती : अॅलन फ्रीड आणि रस फ्रॅटो. फ्रीड हा न्यूयॉर्कचा बडा रेडिओ निवेदक; त्याने गाणे वाजवले तर ते देशभर जाणार. फ्रॅटोचा चेस बंधूंशी धंद्याचा संबंध होता. दोघांनीही या गाण्याची एक ओळ रचलेली नव्हती. बेरीला हे नंतर कळले. ती नावे निघून गाणे पूर्णपणे त्याच्या नावावर यायला १९८६ साल उजाडले. एकतीस वर्षे!

१५/
फ्रीडविषयी न्याय करताना दोन्ही बाजू सांगायला हव्यात. गोऱ्या मुलांना कृष्णवर्णीयांच्या मूळ तबकड्या ऐकवणारा तो धाडसी माणूस होता. त्याच्या कार्यक्रमांत गोरे-काळे एकत्र नाचत. आणि तोच माणूस गाणे वाजवण्याची किंमतही वसूल करत होता. पैसे घेऊन गाणी वाजवण्याच्या प्रकाराला तिथे ‘पेओला’ म्हणत. १९५९-६० मध्ये काँग्रेसने त्याची चौकशी केली. फ्रीडने १९६२ मध्ये गुन्हा कबूल केला, त्याला ३०० डॉलर दंड झाला आणि त्याची कारकीर्द संपली. कंसातला वाटा हा लाचेचाच सभ्य प्रकार होता. रोख रक्कम एकदा मिळते, कंस मात्र वर्षानुवर्षे पैसे देत राहतो.

१६/
आता पुन्हा एल्विस. ‘हाउंड डॉग’ ज्या तबकडीवर होते, तिच्या दुसऱ्या बाजूला ‘डोन्ट बी क्रूएल’ हे गाणे होते. ते रचले ब्रुकलिनच्या ओटिस ब्लॅकवेल या कृष्णवर्णीय गीतकाराने. कंसात मात्र ब्लॅकवेलबरोबर प्रेस्लीचेही नाव आहे. एल्विसने ते गाणे रचले नव्हते. एल्विसने गावे असे वाटत असेल तर उत्पन्नाचा वाटा सोडा, ही त्याच्या व्यवस्थापनाची आणि प्रकाशन संस्थेची अट असे. ब्लॅकवेलने अर्धा वाटा सोडला. ज्यांना एल्विसवर आरोपपत्र ठेवायचे आहे, त्यांनी गळ्याचा पुरावा सोडून हा कंस सादर करावा. तो टिकेल.

१७/
‘कव्हर’ गाण्यांविषयीही असाच सरधोपट समज आहे. कृष्णवर्णीय कलावंताचे गाणे लोकप्रिय होऊ लागले की गोऱ्या गायकाकडून तेच गाणे गाऊन घेऊन मोठ्या बाजारात उतरवायचे, असा तो प्रघात. १९५५ मध्ये पॅट बूनने फॅट्स डॉमिनोचे ‘एंट दॅट अ शेम’ गायिले आणि ते पहिल्या क्रमांकावर गेले. मूळ गायकाला डावलले गेले, हे उघड. परंतु कंसात डॉमिनो आणि डेव्ह बार्थोलोम्यू यांची नावे होती. बूनची प्रत्येक तबकडी खपली की रचनाकारांचा वाटा त्यांच्या नावे जमा होत होता. अन्याय झाला, पण कंसाने त्याची धार कमी केली.

१८/
त्याच वर्षी लव्हर्न बेकरच्या बाबतीत काय झाले, ते शेजारी ठेवून पाहा. तिचे ‘ट्वीडल डी’ जॉर्जिया गिब्जने गायिले. वाद्यमेळाची मांडणी, लकबी, सारे जसेच्या तसे उचलून. गिब्जची तबकडी अधिक खपली. बेकर गाण्याची रचनाकार नव्हती, म्हणून तिच्या पदरात काहीच पडले नाही. बेकर रडत बसली नाही. तिने मिशिगनचे काँग्रेस सदस्य चार्ल्स डिग्ज यांना पत्र लिहून मागणी केली की, मांडणीची अशी नक्कल करता येऊ नये म्हणून १९०९ चा कायदा सुधारावा. मागणी मान्य झाली नाही. पण नेमके कोणते कलम आपल्याला लुटते आहे, हे तिने १९५५ मध्येच ओळखले होते. आपण अजून गळ्याच्याच चोरीवर भांडतो आहोत.

१९/
सोल संगीतातून एक उदाहरण घेऊ, ज्यात कोणीही खलनायक नाही. ‘रिस्पेक्ट’ हे गाणे ओटिस रेडिंगने रचले आणि १९६५ मध्ये गायिले. १४ फेब्रुवारी १९६७ रोजी अरीथा फ्रँकलिनने ते मुद्रित केले आणि त्याचा अर्थच बदलून टाकला. पुरुषाच्या तोंडची घरगुती मागणी स्त्रीच्या तोंडी आली आणि पाहता पाहता ती नागरी हक्कांच्या आणि स्त्रीमुक्तीच्या चळवळींची घोषणा झाली. अमेरिकेच्या रेडिओवर ते गाणे तेव्हापासून किती वेळा वाजले असेल, याची कल्पनाच करावी. त्या वाजण्याचा मोबदला रचनाकाराच्या बाजूला गेला. अरीथाच्या गळ्याला त्यात वाटा नव्हता. दोघेही कृष्णवर्णीय, दोघेही थोर. कायदा तेवढा अपुरा.

२०/
आता वहीचे पान उघडून पाहू. रूथ ब्राऊनने १९४९ पासून अटलांटिक कंपनीला इतकी यशस्वी गाणी दिली की, त्या कंपनीला लोक ‘रूथने बांधलेले घर’ म्हणत. १९६१ मध्ये ती कंपनीतून बाहेर पडली. पुढे मुलांना वाढवण्यासाठी तिने घरकाम केले, शाळेची बस चालवली. रॉयल्टी का नाही? कारण ध्वनिमुद्रणाचा खर्च, वादकांचे मानधन, उचल म्हणून दिलेली रक्कम हे सारे कलावंताच्या खात्यावर नावे टाकले जाई आणि तिच्या अल्पशा टक्केवारीतून वळते केले जाई. ते फिटेपर्यंत हाती काही नाही. वहीप्रमाणे ती कंपनीचे देणे लागत होती! पाचव्या पोस्टमधले मळ्यावरचे दुकान आठवा. नाव बदलले, पत्ता बदलला, हिशेबाची रीत तीच.

२१/
पण रूथ ब्राऊनची कथा इथे थांबत नाही, आणि ती थांबवणे हा तिच्यावर दुसरा अन्याय ठरेल. १९८० च्या दशकात हॉवेल बेगल या वकिलाच्या साहाय्याने तिने कंपनीचे हिशेब मागितले, वृत्तपत्रांपुढे आणि काँग्रेसपुढे बाजू मांडली. १९८८ मध्ये अटलांटिकने तिची आणि तिच्या काळातील अनेक कलावंतांची वहीतली जुनी देणी माफ केली, मागील वर्षांची रॉयल्टी दिली आणि रिदम अँड ब्लूज फाउंडेशनच्या स्थापनेसाठी निधी दिला. ही संस्था जुन्या कलावंतांना आर्थिक मदत करू लागली. साठीच्या उंबरठ्यावरच्या एका गायिकेने अख्ख्या उद्योगाला जुनी वही उघडायला लावली. हा प्रसंग शालेय पुस्तकात जाण्याच्या योग्यतेचा आहे.

२२/
कागद फक्त गायकालाच बुडवत नसे. मेम्फिसची स्टॅक्स ही सोल संगीताची अग्रगण्य कंपनी. जिम स्टुअर्ट आणि त्याची बहीण एस्टेल अॅक्स्टन यांनी ती उभी केली, दोघेही गोरे. अटलांटिकशी त्यांचा वितरणाचा व्यवहार आरंभी तोंडी विश्वासावर चाले. १९६५ मध्ये लेखी करार झाला आणि स्टुअर्टने तो नीट न वाचता सही केली. अटलांटिक विकली गेल्यावर, १९६८ मध्ये, त्याला समजले की अटलांटिकने वितरित केलेल्या स्टॅक्सच्या मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी त्या करारानुसार अटलांटिककडे गेली आहे. अनेक वर्षांचे काम एका कलमात गेले. काही महिन्यांपूर्वीच त्यांचा ओटिस रेडिंग विमान अपघातात गेला होता. एकाच हिवाळ्याच्या आगेमागे माणूसही गेला आणि ठेवाही.

२३/
ज्यांनी कागद वाचायला शिकून घेतले, तेही सांगितले पाहिजेत. रे चार्ल्सने १९५९ मध्ये एबीसी-पॅरामाउंटशी करार करताना आपल्या मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी पुढे आपल्याकडे यावी, असे कलम घालून घेतले. त्या काळात हे जवळजवळ अघटित होते. सॅम कुकने जे. डब्ल्यू. अलेक्झांडरबरोबर स्वतःची प्रकाशन संस्था आणि तबकड्यांची कंपनी काढली. ११ डिसेंबर १९६४ रोजी तो मारला गेला, आणि ज्या व्यवस्थापकाने त्याच्यासाठी कंपनीशी झुंज घेतली, त्या अॅलन क्लाइनच्याच संस्थेकडे पुढे त्याच्या गाण्यांचे हक्क गेले. कागद वाचता येणे आवश्यक होते, पुरेसे नव्हते.

२४/
विली डिक्सनचे नाव इथे आदराने घ्यावे. चेस कंपनीत मडी वॉटर्स आदींसाठी त्याने कितीतरी गाणी रचली. त्यांचे प्रकाशन आर्क म्युझिक करत असे, आणि त्या संस्थेत मालकी होती चेस बंधूंचीच. तबकडी विकणारा आणि हक्क सांभाळणारा एकच असेल, तर रचनाकाराने दाद मागायची कोणाकडे? डिक्सन पुढे आर्कशीही भांडला. ‘होल लॉटा लव्ह’ या गाण्यात आपल्या रचनेचा अंश आहे म्हणून १९८५ मध्ये त्याने लेड झेपेलिनवर दावा लावला; १९८७ मध्ये तडजोड झाली. जुन्या कलावंतांना हक्क मिळवून देण्यासाठी त्याने ब्लूज हेवन ही संस्था काढली. शिकागोतील चेसची जुनी इमारत त्याच्या पत्नीने १९९३ मध्ये विकत घेतली आणि तिथे आता हीच संस्था आहे. ज्या घरात कंस लिहिले गेले, ते घर रचनाकाराच्या कुटुंबाकडे आले.

२५/
माझ्या मतावर दोन आक्षेप येतील, त्यांची दखल घेतो. पहिला : छोट्या कंपन्यांनी जोखीम पत्करली नसती, तर हे संगीत मुद्रितच झाले नसते. मान्य. मोठ्या कंपन्या दार उघडत नव्हत्या तेव्हा पोलंडहून आलेले चेस बंधू, ह्यूस्टनचा रोबी यांनीच दार उघडले. बहुतेक तबकड्या तोट्यात जात, हेही खरे. पण जोखमीचा मोबदला म्हणजे नफ्यातला वाटा. न रचलेल्या गाण्यावर नाव घालणे नव्हे. मेबेलीनच्या कंसात दोन परकी नावे घालण्यात कसलीही जोखीम नव्हती.

२६/
दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : वहीवर बोट ठेवून मी वंशभेदाचा मुद्दा सौम्य करतो आहे का? माझ्या मते उलट आहे. क्रडपकडे वकील का नव्हता? डेल्टात कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा कापसाच्या हंगामात बंद का असत? दक्षिणेतल्या न्यायालयात कृष्णवर्णीयाने गोऱ्या मालकावर दावा लावणे जिवावर बेतणारे का होते? उत्तरे वंशभेदाच्या व्यवस्थेतच आहेत. ती व्यवस्था कोणा एकाच्या दुष्टपणावर चालत नव्हती. नियमित, कायदेशीर, सहीशिक्क्याच्या कागदांवर चालत होती. म्हणूनच रोबीसारखा कृष्णवर्णीय मालकही ती चालवू शकला. एका गायकाला चोर म्हणणे सोपे असते. त्याने व्यवस्थेचा हिशेब चुकता होत नाही.

२७/
‘संगीत चोरले’ या वाक्याची माझी शेवटची तक्रार अशी की, त्यात चोर तेवढा कर्ता असतो. ज्यांचे गेले, ती माणसे त्या वाक्यात काहीच करत नाहीत. प्रत्यक्षात बेकरने पत्र लिहिले, ब्राऊनने हिशेब मागितला, डिक्सनने दावा लावला, बेरीने एकतीस वर्षांनी का होईना आपला कंस मोकळा करून घेतला. क्रडप हरला, पण सही करायला न्यूयॉर्कपर्यंत गेला होता. या माणसांना निव्वळ बळी ठरवणारा इतिहास त्यांच्या बाजूचा वाटतो, पण त्यांना पुन्हा एकदा गप्प बसवतो.

२८/
तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी यांपैकी कोणतेही गाणे ऐकाल तेव्हा एवढे करा : मूळ तबकडीच्या लेबलचे छायाचित्र शोधा आणि कंस वाचा. मग चार प्रश्न विचारा. हे नाव कोणाचे? याने खरोखर रचना केली होती का? प्रकाशन हक्क कोणाकडे होते? आणि नाव पुढे बदलले असेल, तर कोणत्या साली आणि कोणाच्या भांडण्यामुळे? उत्तर शोधताना कंटाळा येईल, कारण त्यात करार, खटले आणि आकडे असतील. रूथ ब्राऊनलाही त्याच कंटाळवाण्या कागदांतून जावे लागले होते.

(थ्रेड समाप्त. आपल्या आवडत्या गाण्याच्या कंसात काय सापडले, ते उत्तरात जरूर लिहा.)